मनगट

भायखळ्याला टॅक्सीतून उतरल्यावर
चर्चला जायला रस्ता ओलांडावा लागतो.
मी पप्पांचं मनगट धरते.
हात नाही. हात ते सोडतात,
मध्येच, डिव्हायडरवर, कबूतर दिसलं म्हणून.

तेहतीस वर्षं गोदीत दोरावर होते सीलास रणपिसे.
बोटी बांधायचे.
मनगटाएवढा दोर खुंटावर चढवायचा, दोन वेढे, मग तिसरा,
आणि भरतीला ढील किती द्यायची
ते म्हणे दोराच्या करकरण्यावरून कळायचं.
आता शर्टाचं बटण कुठल्या काजात
हे रोज नव्याने सांगावं लागतं.

मी मुळात शंकेखोर.
कुलूप लावून दोन जिने उतरते, परत चढते:
गॅस बंद केला ना?
तारणाचंही तेच केलं.
नवव्या वर्षी शब्बाथशाळेत हात वर केला.
कुर्ल्याला तंबूतल्या सभेत पुन्हा.
नर्सिंगच्या हॉस्टेलवर, गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे,
पुन्हा,
मागच्या वेळी नीट लागलं नसेल तर?

आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली होती,
"हे मशीन नळबाजारात तीन महिने पडून होतं.
मी दोनशे रुपये विसार दिलेला,
वर माझ्या नावाची चिठ्ठी.
धूळ बसली, उंदरांनी पट्टा कुरतडला,
पण दुकानदाराने दुसऱ्याला विकलं नाही.
तुझा विसार त्याने दिलाय, येमिमा.
गिऱ्हाईक तो. तू माल.
माल कधी रोज सकाळी उठून विचारतो का,
मला खरंच घेतलंय ना?"

मला पटलं.
शुक्रवारपर्यंत पुरलं.

आई गेली. मशीन आहे.
आणि या आगमनकाळात, दुसऱ्या रविवारी,
पप्पांची प्रभूची प्रार्थना
भाकरीपर्यंत आली आणि थांबली.
भाकर, म्हणाले. भाकर.
मग माझ्याकडे वळून हळूच, जेवायचं का?
पुढच्या बाकावरची पोरं हसली.
मीही हसले.
घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करून विचारलं,
हे कोण?
सभ्यपणे, पाहुण्यांची ओळख करून घ्यावी तसं.

त्या रात्री वडाळ्याच्या त्या खोलीत
मी पंख्याकडे बघत पडले.
शेवटपर्यंत टिकायचं, असं शिकवलं होतं आम्हाला.
ज्याला टिकणं म्हणजे काय तेच आठवत नाही, त्याने काय करायचं?
प्रार्थना केली नाही मी. चिडले होते.

सोमवारी केईएमची ओपीडी.
खिडकीतल्या क्लार्कने पप्पांना विचारलं,
काका, ह्या बाई कोण तुमच्या?
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ.
"बाई चांगली आहे," म्हणाले.
क्लार्कने एकदा माझ्याकडे पाहिलं,
आणि रकान्यात लिहिलं: मुलगी.
शिक्का मारला. पुढचा नंबर.

मी तो कागद घडी न घालता धरून बसले,
एक्स-रेच्या रांगेत,
शिक्क्याची शाई बोटाला लागेपर्यंत.

काल पुन्हा रविवार.
डिव्हायडरवर पप्पा थांबले, बोटं सैल झाली,
बेस्टची बस अंगावरून गेल्यासारखी गेली.
त्यांना कळलंही नाही की ते धरलेले आहेत.
माझ्या तीन बोटांखाली त्यांची नाडी,
बहात्तर, नियमित,
कुणाला काही न विचारता चाललेली.

प्रभुभोजनाच्या वेळी त्यांची मूठ उघडेना.
पाळकसाहेब कथलेंनी वाट पाहिली,
मग भाकरीचा तुकडा
सरळ त्यांच्या ओठांवर ठेवला.
चावला त्यांनी. गोड आहे, म्हणाले.
गोड नसते ती.

घरी येऊन गॅस मी बघितलाच.
दोनदा.
पूर्वी चारदा बघायचे.

रात्री दिवा मालवताना दिसलं,
चादरीवर माझा हात उताणा पडला होता,
रिकामा, काहीच न धरलेला,
मनगट वर.
तसाच राहू दिला.